मिक्सिंगचे हेडफोन

नात कॉम्प्युटरवर ते धडधड संगीत बनवते. त्याच्या मिक्सिंगसाठी हेडफोन घ्यायचे, म्हणून मला सोबत घेऊन गेली. दुकानदाराने इतकं समजावलं, इतकं समजावलं, की ऐकून ऐकून माझी कवळी सैल झाली. शेवटी दोन हेडफोनांवर गाडी अडली. मी दोन्ही कानाला लावून पाहिले आणि म्हटलं, "हा घे."

दुकानदार चाटच पडला. "आजी, मिक्सिंगला हाच बरा. तुम्हीपण ह्याच लाइनीतल्या का?"

"मग! जन्म गेला त्यात," मी ठोकून दिलं.

घरी आल्यापासून ती हॉलच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून, कानांवर ते दोन वाडगे चढवून बसलेली. मागे टेबलापाशी माझा मुलगा आणि सून.

"हळू बोला, ऐकेल ती," सून म्हणाली.

"ती कसली ऐकतेय! कानाशी ढोल बडवला तरी मान वळायची नाही. तुझ्या भावाला कळवून टाक, सोमवारपासून त्याच्या ऑफिसात येतेय म्हणून. बटणं फिरवणं बास झालं आता."

"आणि रडारड केली तर?"

"आईला पुढे करू. आजीचं ऐकते ती."

मी वाटाणे सोलत होते.



नात मान न वळवता म्हणाली, "बाबा, मामाला मी आत्ताच मेसेज केलाय, येत नाही म्हणून, आणि हे हेडफोन जाळीचे आहेत, ह्यातून बाहेरचं सगळं ऐकू येतं, म्हणूनच तर आजीने निवडले."