हातभर चावी
चोरीला गेलेल्या गाड्या परत देण्याचा पोलिसांचा सोहळा भोसरीत दणक्यात सुरू होता. साहेबांनी विजयश्रीच्या हातात थर्माकोलची हातभर चावी ठेवली, टाळ्या झाल्या, फोटो निघाला. तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. स्कूटर गेल्यापासून चाकणच्या कंपनीत रोज लेटमार्क, आज उशीर झाला तर नोकरीच जाणार. "साहेब, स्कूटर कुठंय?" "शोध चालू आहे, ताई. आज फक्त चावी. द्या इकडं, पुढच्यांचा फोटो राहिलाय." सुपरवायझरला पुरावा तरी दाखवता येईल म्हणून विजयश्रीनं चावी काखेत मारली आणि धूम ठोकली. शिट्ट्या वाजल्या, नाकाबंदी लागली, श्वानपथकही आलं. दिवाळीपासून ज्यांना स्कूटर सापडली नव्हती, त्या पोलिसांनी तिला रसवंतीपाशीच गाठलं. तिची चाकणची रिक्षा समोरून निघून गेली. साहेबांनी चावी कॅमेऱ्यापुढं उंचावली. "जरा हसा, ताई! तपास कसा झटपट लागला, बघा!"