काच नको

"सुऱ्यांचा ड्रॉवर कुलपाचा करा," केयूर म्हणाला. "किल्ली माझ्याकडे राहील."

भाविकाची पेन्सिल थांबली. मुलुंड-घाटकोपरमधली कितीतरी स्वयंपाकघरं तिने नव्याने उभी केली होती. नवरा-बायको चिमणीवरून भांडायचे, ओट्याच्या रंगावरून रुसायचे. सुऱ्यांना कुलूप कोणी मागितलं नव्हतं.

"घरात लहान मूल आहे का?"

"नाही."

गंधाली, त्याची बायको, खिडकीशी उभी होती. तिच्या उजव्या तळहाताला पट्टी होती. भाविकाची नजर तिकडे गेली तसा केयूरच बोलला, "डबा उघडताना कापलं."

गंधालीने हात पाठीमागे घेतला.

हे काम भाविकाला जयंतीकाकूंनी मिळवून दिलं होतं. जयंतीकाकू म्हणजे गंधालीची आई. नाहूरचं त्यांचं स्वयंपाकघर भाविकानेच केलं होतं, आणि काकू येईल त्याला ते कौतुकाने दाखवायच्या. मुलीचंही तसंच झकास होऊ दे, एवढंच त्यांनी फोनवर सांगितलं होतं.

"मला वरच्या कपाटांना काचेची दारं हवी होती," गंधाली हळूच म्हणाली. "आणि निळ्या टाइल्स."

"टाइल्स निळ्या घे. काच नको," केयूर म्हणाला. तिच्याकडे न बघताच. "गॅसही काढून टाकू. इंडक्शन बसवा. भांडी बाहेर टांगायला नकोत, सगळी आत."

"स्वयंपाक मी करते, केयूर."

"माहीत आहे मला."

भाविका टेप घेऊन भिंतीकडे वळली. ओट्यामागची एक टाइल फुटलेली होती. मधोमध खोलगट खड्डा आणि चहूबाजूंनी तडे.

"कढई पडली," केयूर मागून म्हणाला.

भाविकाने मान हलवली. कढई पडली तर फरशी फुटेल. ही टाइल माणसाच्या डोक्याच्या उंचीवर होती.

त्या रात्री तिला नीट झोप लागली नाही. लोकांच्या घरात माप घ्यायला जायचं, बाकी काही बघायचं नाही, हे तिने धंद्याच्या सुरुवातीलाच ठरवून टाकलं होतं. पण ती पट्टी डोळ्यांसमोरून हलेना.

पुढच्या खेपेला ती लॅमिनेटचे नमुने घेऊन मुद्दाम लवकर गेली. केयूर अजून बँकेतून आला नव्हता. गंधालीने दोन नमुने हातात घेतले आणि तसेच परत ठेवले.

"तो आल्यावरच ठरवू. उगाच नंतर विषय नको."

"ताई, एक विचारू? राग मानू नका," भाविका म्हणाली. "या घरात तुम्हाला भीती वाटते का?"

गंधालीचे डोळे भरून आले.

"वाटते," ती म्हणाली. "रोज ठरवते, आज काही होणार नाही. सकाळ बरी जाते गं. संध्याकाळी एखादी बारीकशी गोष्ट होते. तो गप्प बसतो ना, एक शब्द बोलत नाही, तेव्हा मला सहन होत नाही."

"कोणाला सांगितलंत?"

"कोणाला सांगणार? लोक काय म्हणतील?"

दारात लॅचचा आवाज झाला. गंधालीने झटकन डोळे पुसले. केयूर आला, मे महिन्याच्या उकाड्यातही बाह्यांची बटणं मनगटापर्यंत लावलेला. तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थांबला, आत आला नाही. त्याने आधी बायकोचा चेहरा निरखला, मग भाविकाकडे पाहिलं.

"काय बोलणं चाललं होतं?"

"रंगांचं," भाविका म्हणाली.

"सगळं ठीक आहे ना?"

हे त्याने इतक्या थंडपणे विचारलं की भाविकाने नमुने कसेबसे पिशवीत कोंबले आणि ती निघाली. लिफ्टमध्ये तिने ठरवलं. काम गेलं तर गेलं. या पोरीला इथून बाहेर काढायलाच हवं.

ती तडक नाहूरला गेली. जयंतीकाकूंनी हसून दार उघडलं आणि चहाचं आधण ठेवलं.

"काकू, स्पष्टच बोलते," भाविका म्हणाली. "गंधालीताईंच्या घरात काही बरं चाललेलं नाही."

काकूंचं हसू मावळलं. त्यांनी गॅस बंद केला.

"केयूर काही बोलला?"

"तो कशाला बोलेल? मी डोळ्यांनी पाहिलं. भिंतीवर फुटलेली टाइल, ताईंच्या हाताला पट्टी. आणि आता सुऱ्यांना कुलूप हवंय. ताई माझ्यासमोर रडल्या, काकू. त्यांना काही दिवस तरी इकडे घेऊन या."

काकू खुर्चीवर बसल्या. पदराचं टोक बोटांना गुंडाळत राहिल्या.

"मी काय कमी वेळा म्हटलं? सरळ निघून ये, हे घर तुझंच आहे. ऐकेल तर ना."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"लग्नाआधीपासून."

भाविकाला आपण काय ऐकतोय ते कळेना. "आणि तरी तुम्ही हे लग्न लावून दिलंत?"

"वाटलं, संसारात पडल्यावर स्वभाव निवळेल. आईला असंच वाटतं गं." काकूंचा आवाज अगदी खाली गेला. भाविकाच्या नजरेला नजर द्यायचं त्या टाळत होत्या. शेवटी त्यांनी विचारलं, "या वेळी केयूरला कुठे लागलंय?"