तुर्की रोटी

हैदराबादला तुर्की रोटीच्या भट्टीत मी सात वर्षं होतो. पोलीस ॲक्शननंतर गावी परतलो आणि ताडकळसच्या दर बाजारात तेच सांगत सुटलो. "कापसासारखी मऊ असती. तोंडात दात नसला तरी खाता येती."

हे ऐकून बोळक्या तोंडाचे माझे सासरे पालमहून बैलगाडी जुंपून आले. बिचारे दोन वर्षं नुसत्या कण्यांवर होते. बायकोनं सणाचे गहू दळले. मी दही घालून पीठ मळलं, जुन्या रांजणात जाळ केला आणि आतून रोट्या थापल्या. सगळी आळी बघायला जमली.

पहिली रोटी मामांनी हिरड्यांनी दाबली, फिरवली, पुन्हा दाबली आणि परातीत परत ठेवली. ठेवताना टण्ण आवाज झाला.

"जावयबापू, त्या भट्टीत तुमी नेमकं काय काम करीत होते?"

एवढ्या माणसांत आता लपायला जागा नव्हती.

"सरपण फोडायचो, मामा."

मामांनी रांजणात वाकून बघितलं.

"तरीच म्हणलं, जाळ एवढा झकास कसा लागलाय!"