मृदुलाचं टेबल

पुण्यात बर्फ पडायला लागल्यापासून विश्राम साळवी दर दिवाळीआधी ऑफिसच्या इमारतीचा बॉयलर तपासत, पाइपांतली हवा काढत आणि शेवटी यंत्रातली नावं बघत. यंत्र प्रत्येकाच्या टेबलाला त्याच्या सवयीची ऊब द्यायचं. सोडून गेलेल्यांची नावं पुसावी लागत.

यंदा चौथ्या मजल्यावरचं एक नाव त्यांनी तसंच ठेवलं. मृदुला, त्यांची मुलगी. श्रावणात ती अपघातात गेली होती.

बॉयलर सुरू झाला त्याच दिवशी तिच्या जागी आलेली निलोफर तळघरात आली.

"काका, माझं टेबल फारच तापतंय हो. आधी कोण बसायचं तिथे?"

"माझी मुलगी. तिला थंडी अजिबात सोसायची नाही."

निलोफर मग म्हणाली, "राहू द्या काका. मी खिडकी उघडून बसेन."

"नको बाळा, आजारी पडशील."

त्यांनी नाव पुसलं आणि ते तिच्यासोबत वर गेले. टेबलाखालच्या पाइपवर हात ठेवून ते फरशीवरच बसले. पाइप गार व्हायला वीस मिनिटं लागली. तोवर त्यांनी हात काढला नाही.