वीतभर

तौनोने बंदूक खांद्याला लावली आणि पुठ्ठ्याच्या मूस हरणाच्या छातीवरचं वर्तुळ सोडून वीतभर डावीकडे नेम धरला. चार गोळ्या, दीड मिनिट. चारही वर्तुळात बसल्या तर परवाना. एक जरी चुकली तरी यंदाची शिकार बंद. तौनोला चारही चुकवायच्या होत्या.

दुसरा मार्गच उरला नव्हता. दोन वर्षांपूर्वी रानात, शिकारीच्या जागेवरच त्याला हृदयविकाराचा झटका आला. ओल्या शेवाळात तो आडवा पडला असताना एक मूस मादी दहा पावलांवर येऊन उभी राहिली, आणि माणसं येईपर्यंत हलली नाही. तेव्हापासून त्याचं मन शिकारीवरून उडालं ते उडालंच. पण सांगणार कुणाला? आम्ही फिनलंडची माणसं तशीही कमी बोलणारी, त्यात शिकार सोडलेल्या माणसाकडे गाव शवपेटीचं माप घेतल्यासारखं बघतं.

गावच्या शिकारी टोळीने रानातली त्याची जागा राखून ठेवली होती, बसायची फळी नवी ठोकली होती. आणि घरात बायको, हिल्का! तिने तर कंबरच कसली. वसंतापासून रोज सकाळी पाठीवर बटाट्यांची पिशवी देऊन त्याला टेकडी चढायला लावायची, स्वतः मागून घड्याळ घेऊन.

"चल म्हाताऱ्या! रानात मूस काय तुला कडेवर घेणार आहे?"

तिने त्याचे बूट चरबी चोळून मऊ केले, सैल झालेली विजार दोनदा आत घेतली. तिचा उत्साह बघून तौनोच्या तोंडून नकार फुटेना. बिचारा पुरता अडकला. बंदुकीची दुर्बीणसुद्धा त्याला गेल्या आठवड्यात तिच्यासमोर बसून नेमाशी बिनचूक जुळवावी लागली.

चार बार झाले. टोळीचा म्होरक्या वेइक्को पुठ्ठा आणायला गेला. तौनो मान खाली घालून, चेहरा पाडून उभा राहिला.

"अरे लबाडा!" वेइक्को लांबूनच ओरडला. "चारही आत! तळहाताने झाकता येतील! आजारी होतास की चोरून सराव करत होतास?"

पाठीवर थापा पडल्या. कुणीतरी हातात कॉफी दिली. तौनो पुठ्ठ्यावरच्या भोकांकडे बघतच राहिला. हात गेला आपला, त्याला वाटलं. धड चुकायलाही जमत नाही.

परत येताना गाडी हिल्का चालवत होती. शाळेच्या वळणावर तिने गाडी कडेला घेतली आणि हमसून हमसून रडायला लागली.

"अगं, पास झालो ना मी? मग रडतेस काय?"

"मला नको होतं तुझं ते रान! शिकारीचं नाव काढल्याशिवाय तू बाकावरून उठत नव्हतास, म्हणून टेकडीवर चालवलं तुला. तू जगावास, एवढंच हवं होतं रे. पण तिथे परत पाठवायची छाती नाही माझी." तिने नाक पुसलं. "काल तू सौनात वाफेच्या आंघोळीला बसला होतास ना, तेव्हा मी बंदुकीच्या दुर्बिणीची नेमाची चकती फिरवली. बाबांनी शिकवलंय मला. तू नापास व्हावास म्हणून. मग चारही आत गेल्याच कशा, तौनो? मी तर गोळी चांगली वीतभर उजवीकडे सारली होती!"