रानगाढवाची पाटी

"गाढव?" संस्थेच्या अध्यक्षांनी पाटीवर बोट ठेवलं. "माझ्या शाळेत?"

"रानगाढव, साहेब," विज्ञानाच्या बाई म्हणाल्या. "रोमन सैनिक या यंत्राला ऑनेजर म्हणायचे. ऑनेजर म्हणजे रानगाढव. का म्हणायचे, ते खालच्या ओळीत..."

"अर्थ कळला मला."

अध्यक्षांना कुठलीही गोष्ट पहिल्या ओळीतच कळत असे. उरलेला वेळ ते इतरांना मार्गदर्शन करण्यात घालवत.

यंत्र मैदानात उभं होतं. तटबंदीवर धोंडे फेकायच्या जुन्या यंत्राची ही छोटी प्रतिकृती. पिळलेले दोर, लाकडी दांडा, टोकाला झोळी. नववीच्या मुलांनी बाईंच्या देखरेखीखाली सुट्टीभर खपून केलेली.

"उद्या पाहुण्यांसमोर गाढव नको. आमच्या वडिलांचं नाव द्या, तात्यासाहेब. आणि तो शब्द पुन्हा काढलात, तर कायम व्हायचं विसरा."

बाई अजून हंगामीच होत्या. पाटी उतरली. तिच्याबरोबर खालची ओळही उतरली.

दुसऱ्या दिवशी यंत्रावर सोनेरी अक्षरांत तात्यासाहेब झळकले. फोटोसाठी अध्यक्ष यंत्राच्या मागे जाऊन उभे राहिले, एक हात तीर्थरूपांवर, दुसरा खटक्याच्या दोरीवर.

बाई धावल्या. "साहेब, मागे नका थांबू! त्याचं जुनं नाव उगाच नव्हतं..."

"पुन्हा तेच? बाई, दगड पुढे जातो. एवढं विज्ञान मलाही येतं."

आणि त्यांनी दोरी ओढली.

दगड पुढेच गेला. साहेबांचं विज्ञान अगदी बरोबर होतं. फक्त यंत्राचा मागचा भाग ताडकन उसळला आणि अध्यक्ष गुडघा धरून मातीत बसले.

सकाळच्या पेपरात चौकटीतली बातमी होती: 'तात्यासाहेबांची चिरंजीवांना लाथ'.

बाई आपला खण रिकामा करत होत्या. तेवढ्यात शिपाई आला.

"बाई, दवाखान्यात साहेबांना भेटून आलो. वडिलांचं नाव आधी काढा म्हणाले. गाढवच बरं. आणि तुमचा कायमचा कागद करायला सांगितलाय. ते जनावर दुसऱ्या कुणाला आवरायचं नाही म्हणे."

बाईंनी कपाटामागून जुनी पाटी काढली, फडक्यानं पुसली. खालची ओळ शाबूत होती: 'दगड सुटताच हे मागे लाथ झाडते, म्हणून हे नाव. मागे उभे राहू नये.'

"ही खालची ओळ ठेवायची का, तेही विचारलंस?"

"विचारलं ना," शिपाई म्हणाला. "अर्थ कळला म्हणाले."