निम्म्या लयीत

"अ‍ॅम्प नको गं लावूस गिटारला, आत्ता कुठे बाळाचा डोळा लागलाय," पाळण्याची दोरी ओढत वहिनी म्हणाली.

उद्या बँडची ऑडिशन! मी चिडून वायर न जोडताच इलेक्ट्रिक गिटारवर माझा सोलो सुसाट वाजवला. डिस्टॉर्शनच्या खरखरत्या गोंगाटात आजवर खपलेली प्रत्येक चूक उघडी पडली.

मग कानात मेट्रोनोमची टिकटिक लावून लय निम्म्यावर आणली. एकेक सूर सुटा, नेमका वाजेपर्यंत पुढे गेले नाही. हळूहळू लय वाढवली. दिवेलागणीला अख्खा सोलो पूर्ण वेगात स्वच्छ वाजला!

"वहिनी, ऐकलंस?"

कित्येक रात्री जागलेली वहिनी दोरी हातात धरून बसल्या बसल्या झोपली होती. बाळाने मात्र डोळे उघडून रडायला ओठ काढले होते.

मी लय पुन्हा निम्म्यावर आणली.